काट्यावरची नजर: मुंबईच्या नभोवाणीत ध्वनिपातळी सांभाळण्याचा इतिहास

नभोवाणीवरून जाणाऱ्या आवाजाला दोन हद्दी असतात. वरची हद्द प्रक्षेपकाची. त्या पातळीपलीकडे ध्वनी गेला की आवाज फाटतो आणि त्याचे पडसाद शेजारच्या केंद्राच्या जागेत घुसतात. खालची हद्द श्रोत्याच्या भोवतालच्या गोंगाटाची. त्याहून हलका आवाज प्रक्षेपित झाला तरी कानापर्यंत पोचत नाही. समोर बसून ऐकलेल्या मैफलीत सर्वांत हलका आणि सर्वांत जोरकस स्वर यांच्यात साठ डेसिबलचे अंतर सहज पडते. रहदारीच्या रस्त्यालगतच्या खोलीत ठेवलेल्या रेडिओवर त्यातले वीस-पंचवीस डेसिबल हाती लागले तरी पुष्कळ. एवढे मोठे अंतर एवढ्या अरुंद पट्टीत बसवायचे आणि श्रोत्याला ते जाणवूही द्यायचे नाही, यासाठी केंद्राच्या ध्वनिमार्गात जी व्यवस्था असते तिला ऑटोमॅटिक गेन कंट्रोल, म्हणजे एजीसी म्हणतात. येणारा आवाज हलका असेल तर ती त्याचे वर्धन सावकाश वाढवते, जोरकस असेल तर सावकाश कमी करते. क्षणिक उसळी रोखणारा लिमिटर, म्हणजे मर्यादक, तिच्या पुढे बसतो. तो वेगळा आणि फार जलद असतो. एजीसीचे काम संथ हाताचे आहे. ते काम आधी माणसाच्याच हाताने होत असे आणि यंत्राने ते कसे उचलले हा मुंबईच्या शंभर वर्षांच्या नभोवाणीचा एक कमी सांगितला गेलेला भाग आहे.

हा भाग ऐकणाऱ्याच्या बाजूने समजून घ्यायला मुलुंड ही चांगली जागा आहे. मुंबईच्या हद्दीच्या ईशान्य टोकाला, पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला मिठागरे आणि ठाण्याची खाडी, मधून मध्य रेल्वे आणि लालबहादूर शास्त्री मार्ग अशी तिची ठेवण आहे. वरळीचा दूरदर्शन मनोरा येथून वीस-बावीस किलोमीटर नैर्ऋत्येला आहे. आकाशवाणीचे मध्यमलहरींचे मनोरे मालाडच्या मालवणी भागात, सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटरच पश्चिमेला आहेत. पण मध्ये डोंगराची अख्खी भिंत उभी आहे. आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीची ५५८ किलोहर्ट्झची लहर पाचशे मीटरांहून लांब असते. ती जमिनीला धरून डोंगराला वळसा घालते आणि मुलुंडला पोचते. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरांची. डोंगराआड तिची सावली पडते आणि कड्यांवरून परतलेली लहर मूळ लहरीत मिसळून आवाज चरचरतो. त्यात रेल्वेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा खरखराट आणि रस्त्याचा गोंगाट. अशा ठिकाणी बसलेल्या श्रोत्याला केंद्रातल्या माणसाने पातळी कशी राखली हे लगेच कळते.

मुंबईत नियमित प्रक्षेपण सुरू होण्याआधी हौशी मंडळींनी प्रयोग केले होते. बॉम्बे प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबचे प्रक्षेपण १९२३ मधले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते २३ जुलै १९२७ रोजी झाले. प्रक्षेपक दीड किलोवॉटचा, पल्ला सुमारे ४८ किलोमीटर. आखीव रस्त्यांची वसाहत म्हणून त्याच दशकात आकार घेत असलेले मुलुंड त्या पल्ल्याच्या आत होते. बराचसा श्रोतृवर्ग क्रिस्टल संचावर कानाला फोन लावून ऐकणारा. त्या संचाला स्वतःचे बळ नसते. लहरीतून जेवढी शक्ती येते तेवढाच आवाज. म्हणजे केंद्रात आवाज उतरला की तो थेट श्रोत्याच्या कानात उतरायचा आणि श्रोत्याला बटण फिरवून तो चढवण्याची सोयही नव्हती.

मध्यमलहरींच्या प्रक्षेपणात ध्वनी वाहक लहरीची उंची कमीजास्त करतो. ध्वनी वाढत गेला की एका क्षणी लहर तळाला शून्यावर टेकते. तेथे शंभर टक्के मॉड्युलेशन झाले. त्यापुढे ध्वनी गेला की लहर मधेच तुटते. म्हणून अभियंता सरासरी पातळी बरीच खाली ठेवून एखाद्या तानेसाठी, एखाद्या टाळीसाठी जागा सोडत असे. जितकी जागा सोडली तितके उरलेले सारे हलके. दीड किलोवॉटच्या प्रक्षेपकाला ही चैन परवडणारी नव्हती. यावर उपाय एकच होता: नियंत्रण कक्षात कानावर फोन घेऊन, हात बटणावर ठेवून बसलेला माणूस. कंपनी १ मार्च १९३० रोजी दिवाळ्यात गेली, १ एप्रिलपासून सरकारने कारभार घेतला, १९३५ मध्ये लायोनेल फील्डन नियंत्रक म्हणून आले, ८ जून १९३६ पासून ऑल इंडिया रेडिओ हे नाव लागले. या सगळ्या बदलांत त्या खुर्चीवरचे काम तेच राहिले.

ते काम दिसते त्याहून अवघड होते. ध्वनिफितीचा वापर रुळेपर्यंत बहुतेक कार्यक्रम थेट होत. ख्यालाचा गायक मंद्रातल्या आलापाने सुरुवात करतो; तिथे तंबोराही जवळजवळ गायकाइतकाच ऐकू येतो. अर्ध्या तासाने तोच गायक तारसप्तकात तान घेतो. साथीला तबला आणि सारंगी; हार्मोनियमला १९४० पासून तीन दशके आकाशवाणीवर मज्जाव होता. अभियंत्याने आलापाच्या वेळी पातळी चढवायची, पण ती चढवल्याचे कळता कामा नये. तान येण्याच्या आधी ती उतरवायची. तान आल्यानंतर उतरवली तर उशीर झाला. म्हणजे पुढे काय येणार हे ठाऊक असलेला माणूस लागे. कोणता गायक कोणत्या जागी आवाज फेकतो, कोणता तबलजी समेवर थाप कशी मारतो, हे ओळखणारा अभियंता केंद्राच्या आवाजाचा खरा रखवालदार होता. त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत कधीच येत नसे, हे त्याच्या कामगिरीच्या मानाने अन्यायाचेच होते.

डोळ्यांच्या मदतीला मीटर आले. बीबीसीने १९३८ च्या सुमारास शिखरमापी मीटर रूढ केला. अमेरिकेत बेल प्रयोगशाळा, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून १९३९ मध्ये व्हीयू मीटर ठरवला. व्हीयूचा काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. ध्वनी सुरू झाल्यावर तो सुमारे ३०० मिलिसेकंदांत जागेवर पोचतो; त्यामुळे तो कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराच्या जवळ जाणारे माप देतो, पण तबल्याच्या थापेचे टोक त्याला दिसतही नाही. शिखरमापीला ते दिसते, मात्र आवाज कानाला किती मोठा वाटेल ते तो सांगत नाही. ध्वनीला दोन वेगवेगळी मापे असतात, एक यंत्राला झेपण्याचे आणि एक कानाला भावण्याचे, ही गोष्ट या दोन मीटरांमुळे स्पष्ट झाली. पुढच्या सर्व स्वयंचलित यंत्रांचा पाया हाच आहे. संथ भाग कानासाठी आणि जलद भाग प्रक्षेपकासाठी अशी त्यांची विभागणी येथून सुरू होते.

स्वयंनियंत्रण आधी आले ते श्रोत्याच्या संचात. अमेरिकेतील हॅझेल्टाइन कंपनीचे हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९२५ च्या अखेरीस डायोड वापरून असे मंडल बसवले, की आलेल्या लहरीचा जोर मोजून संच स्वतःचे वर्धन स्वतःच कमीजास्त करील. १९२९ मध्ये फिल्को कंपनीच्या ९५ क्रमांकाच्या संचात ते बाजारात आले. भारतात त्याचे महत्त्व लघुलहरींमुळे वाढले. मुंबईचा दहा किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक ४ फेब्रुवारी १९३८ रोजी सुरू झाला. लघुलहरी आकाशातल्या विद्युत्भारित थरावरून परतून येतात आणि तो थर सतत हलत असल्याने त्यांचा जोर काही सेकंदांत वीस-तीस डेसिबलनी चढतो-उतरतो. संचातली स्वयंचलित व्यवस्था नसती तर बिनाका गीतमाला कोणाला सलग ऐकता आली नसती. अमीन सयानी यांचा हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती कोलंबोला जात आणि डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवरून तो मुंबईतच परत येई. मुलुंडच्या पुढच्याच गावात, ठाण्यात, मर्फी रेडिओचा कारखाना उभा राहिला. नॅशनल एको ही मुंबईची कंपनी १९४० मधली. उपनगरांतल्या घराघरांत पोचलेल्या या संचांनी एजीसीचा अनुभव श्रोत्यांना त्याचे नाव कळण्याआधीच दिला. लहर हरवली की संच वर्धन कमालीला नेतो आणि गाण्याच्या जागी खरखराट मोठा होऊन येतो, हा या यंत्रणेचा मूळ दोषही तेव्हाच सर्वांच्या कानावर पडला. ऐकण्यासारखे काही नसतानाही यंत्र आवाज शोधत राहते.

केंद्राच्या बाजूला पहिले मोठे पाऊल १९३७ मध्ये पडले. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ११०ए हा मर्यादक वर्धक त्या वर्षी आला. ध्वनीची टोके तो आपोआप दाबत असल्याने सरासरी पातळी तीन डेसिबल वर नेता येत होती. तीन डेसिबल म्हणजे शक्तीची दुप्पट. पाच किलोवॉटच्या प्रक्षेपकाला दहा किलोवॉटचा आवाज मिळावा, तोही नवे मनोरे आणि नव्या विजेच्या खर्चाशिवाय, हा हिशेब जगातल्या कोणत्याही नभोवाणीला मोह घालणारा होता. मात्र ११०ए आणि त्याच्यासारखी पुढची यंत्रे फक्त वरची हद्द राखत. हलका आवाज उचलण्याचे काम माणसाच्या हातीच होते. मर्यादकाला संथ करून त्याच्याकडून दोन्ही कामे घेण्याचे प्रयत्न झाले. पण वक्ता श्वास घ्यायला थांबला की यंत्र वर्धन वाढवी, पंख्याची घरघर वर येई आणि पुढचा शब्द धाडकन आदळे.

हा पेच सीबीएस प्रयोगशाळांनी १९६० च्या सुमारास सोडवला. एमिल टोरिक आणि बेंजामिन बाउअर यांच्या ऑडिमॅक्स या यंत्रात दोन नव्या कल्पना होत्या. पहिली, आवाज ठरावीक पट्टीत असेल तर वर्धनाला हातच लावायचा नाही; ते जागच्या जागी स्थिर ठेवायचे. दुसरी, आवाज एका किमान पातळीखाली गेला तर तो हलका कार्यक्रम न समजता विराम समजायचा आणि होते ते वर्धन तसेच धरून ठेवायचे. या दुसऱ्या व्यवस्थेला गेट म्हणतात. जोडीला टोके छाटणारे व्हॉल्युमॅक्स हे यंत्र आले. संथ आणि जलद यांची ही जोडी म्हणजे आजच्या प्रत्येक ऑडिओ प्रोसेसरचा सांगाडा. नियंत्रण कक्षातला चांगला अभियंता नेमके हेच करत असे. गरज नसताना बटणाला हात न लावणे ही त्याची सर्वांत मोठी कला होती, आणि यंत्रात ती पहिल्यांदा ऑडिमॅक्सने आणली. या इतिहासातला खरा टप्पा तो आहे. नंतरच्या बऱ्याच सुधारणा वेगाच्या आणि सोयीच्या आहेत.

गेटची पातळी कुठे ठेवायची हा प्रश्न मात्र प्रत्येक भाषेच्या आणि प्रत्येक संगीताच्या नभोवाणीला आपापला सोडवावा लागतो. पाश्चात्त्य कार्यक्रमात गायक थांबला तर सहसा वाद्यवृंद वाजत असतो, नाहीतर शांतता असते. ख्यालात गायक थांबला की तंबोरा उरतो. तो कार्यक्रमही आहे आणि पार्श्वभूमीही. गेट तंबोऱ्याच्या खाली ठेवला तर यंत्र त्याला हलका कार्यक्रम समजून उचलते. दोन आलापांच्या मधे तंबोरा फुगत जातो आणि पुढचा स्वर लागताच मागे ढकलला जातो. गेट तंबोऱ्याच्या वर ठेवला तर मंद्रातला आलापही विरामात मोजला जातो आणि कधी उचललाच जात नाही. यातून वाट निघते ती वेगातून. वर्धन वाढण्याचा वेग इतका संथ ठेवायचा, की चार-पाच सेकंदांच्या विरामात डेसिबलभरही फरक पडू नये. राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ पासून आणि आकाशवाणी संगीत संमेलन १९५४ पासून चालत आले आहे. अशा कार्यक्रमांसाठी स्वयंनियंत्रण शक्य तितके निवांत ठेवावे किंवा बाजूला काढून हाताने पातळी राखावी, हे संगीताच्या दृष्टीने आजही योग्य आहे. क्रिकेटच्या धावत्या वर्णनात याच्या उलट गरज पडते. बाळ ज. पंडितांसारखा समालोचक दोन चेंडूंच्या मधे थांबतो तेव्हा प्रेक्षकांचा कल्लोळ वर यायलाच हवा, फक्त त्याच्या पुढच्या वाक्याला झाकेल इतका नको.

दरम्यान मुंबईच्या कार्यक्रमांचे स्वरूप बदलले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर येथून तिच्यावर जाहिराती लागू लागल्या. तोवर केंद्रात बनलेला कार्यक्रम केंद्रातूनच जाई; स्टुडिओ आपला, माइक आपला, पातळीची शिस्तही आपली. जाहिराती बाहेरच्या ध्वनिमुद्रणगृहांतून तयार होऊन येत. तीस सेकंदांत श्रोत्याचे लक्ष वेधायचे म्हणून त्या आधीच दाबून, भरून आणलेल्या असत. चित्रपटगीतांच्या तबकड्यांचे तसेच. १९५० मधले ध्वनिमुद्रण आणि १९७० मधले ध्वनिमुद्रण यांच्यात कितीतरी डेसिबलचा फरक. निवेदकाचा सौम्य आवाज, मग जुने गीत, मग जाहिरात, मग नवे गीत, असा क्रम दर काही मिनिटांनी येऊ लागला. ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेतल्या घरगुती संवादासाठी बसवलेली पातळी अशा कार्यक्रमाला पुरी पडत नाही. हाताने इतक्या वेळा काटा सांभाळायचा तर त्या माणसाला दुसरे काही करता येणार नव्हते. स्वयंनियंत्रणाची गरज येथे चैनीतून निघून रोजच्या व्यवहारात आली. बोरिवलीच्या गोराई मार्गावरून उपग्रहाद्वारे देशभर जाणाऱ्या आजच्या विविध भारतीची पातळी राखणे हे त्याच गरजेचे वाढलेले रूप आहे, कारण तेथील चूक एका शहरात थांबत नाही.

भारतातले पहिले एफएम प्रक्षेपण मद्रासला २३ जुलै १९७७ रोजी सुरू झाले. एफएममध्ये ध्वनी लहरीची उंची न बदलता कंपनसंख्या बदलतो. वरची हद्द येथेही आहे, मूळ कंपनसंख्येपासून दोन्हीकडे ७५ किलोहर्ट्झ, आणि ती कायद्याची आहे. दुसरी अडचण वेगळीच. एफएममधली खरखर वरच्या पट्टीत जास्त असते, म्हणून प्रक्षेपणाआधी वरचे स्वर मुद्दाम चढवतात आणि संचात तितकेच उतरवतात. भारतात यासाठी ५० मायक्रोसेकंदांचे माप आहे. त्यानुसार १५ किलोहर्ट्झला हा चढ जवळजवळ १४ डेसिबलचा होतो. मराठी कार्यक्रमांत याची झळ दोन ठिकाणी लागते. स, श, च, छ यांची फुसफूस वरच्या पट्टीत असते. आणि अभंग-भजनातले टाळ, झांजा, चिपळ्या. साध्या एजीसीला टाळ मोठे वाटत नाहीत, कारण एकूण ध्वनिशक्तीत त्यांचा वाटा थोडा. चढवल्यानंतर मात्र तेच हद्द ओलांडतात, टोके छाटली जातात आणि टाळांचा नाद पत्र्यासारखा चिरका होतो. तळाच्या पट्टीत ढोलकी याच्या उलट त्रास देते. लावणीत ढोलकीची थाप पडली की एकपट्टी एजीसी सगळ्याच आवाजाचे वर्धन खाली खेचते आणि गायिका थापेबरोबर मागेपुढे हलते.

यावरचे उत्तर अमेरिकेत १९७० च्या दशकात तयार झाले. माइक डोरो यांच्या १९७३ च्या यंत्राने ध्वनीचे तीन पट्टे पाडले आणि प्रत्येकाचे नियंत्रण वेगळे केले. १९७५ मध्ये रॉबर्ट ऑर्बन यांनी ऑप्टिमॉड-एफएम ८००० आणला. त्यात संथ नियंत्रण, वरच्या स्वरांचा मर्यादक, टोकांचे छाटण आणि स्टिरिओ संकेत बनवणारा भाग एकाच पेटीत होते. आधी हे सुटे असत आणि एकाने बांधलेली टोके पुढचा गाळक पुन्हा उंचावत असे. एकत्र केल्याने हद्द नेमकी राखता येऊ लागली. ऑर्बन यांचा पूर्ण डिजिटल ८२०० हा नमुना १९९१ मधला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात फ्रँक फोटी यांच्या ओम्निया यंत्रांनी त्याला स्पर्धा निर्माण केली.

मुंबईच्या एफएमला व्यापारी वळण लागले ते १५ ऑगस्ट १९९३ पासून, आकाशवाणीने आपल्या वाहिनीवरचा वेळ खासगी कंपन्यांना भाड्याने दिला तेव्हा. टाइम्स एफएमचा काळ तो. १९९८ मध्ये ही व्यवस्था संपली. १९९९ च्या धोरणानुसार लिलाव झाले आणि २००२ मध्ये मुंबईत खासगी केंद्रे एकामागून एक सुरू झाली: रेडिओ सिटी, गो, रेड, विन, मिर्ची. मुंबईच्या परवान्याचे शुल्क वर्षाला पावणेदहा कोटी रुपये आणि त्यात दरसाल पंधरा टक्के वाढ. एवढा पैसा जाहिरातींतून वसूल करायचा तर श्रोता थांबायला हवा, आणि एका केंद्रावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या श्रोत्याला जे केंद्र मोठे ऐकू येते ते क्षणभर जास्त आवडते. एजीसीच्या पुढचे दाबयंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, आणि छाटण घट्ट करत नेण्याची ओढ येथून लागते. जगातल्या प्रत्येक मोठ्या शहरात खासगी केंद्रांची गर्दी झाली तिथे हेच घडले. २००५ च्या धोरणाने शुल्काऐवजी उत्पन्नाचा चार टक्के वाटा घेण्याची पद्धत आणली आणि केंद्रांचा श्वास मोकळा झाला. २००७ पासून श्रोत्यांच्या डायऱ्यांवरून ऐकण्याचे मापन सुरू झाले. तेव्हा केंद्र किती वेळा लावले याबरोबर किती वेळ लावून ठेवले हेही मोजले जाऊ लागले. सतत दाबलेला आवाज कानाला थकवतो आणि थकलेला कान केंद्र बदलतो, म्हणून हे दुसरे माप मोठ्या आवाजाच्या ओढीला लगाम घालणारे होते.

मुलुंडसारख्या उपनगरात घट्ट आवाजाला एक प्रामाणिक कारणही होते. मोबाइल फोनमध्ये एफएम संच येऊ लागल्यावर लोकलचा डबा हे रेडिओ ऐकण्याचे मोठे ठिकाण बनले. चाकांच्या खडखडाटात, एका कानात इअरफोन घालून मुलुंड ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा प्रवास करणाऱ्याला वीस डेसिबलचा चढउतारही झेपत नाही. शिवाय एफएम संचात लहरीचा जोर घटला तरी आवाज लहान होत नाही. मागची खरखर वाढते. स्टिरिओत ती मोनोपेक्षा सुमारे वीस डेसिबलनी जास्त असते. डोंगराच्या सावलीत किंवा इमारतींच्या आड सरासरी पातळी उंच असलेले केंद्र खरखरीवर मात करते, हलके ठेवलेले केंद्र तिच्यात बुडते. म्हणून प्रश्न दाबावे की नाही असा नसतो. किती, आणि कोणत्या टप्प्यावर, हा असतो. संथ एजीसीने उचललेली पातळी कानाला टोचत नाही. तेवढाच चढ छाटणातून काढला तर आवाज फाटका होतो. अनेक केंद्रांनी पहिले काम अर्धवट सोडून दुसऱ्यावर भार टाकला, हीच त्या काळातली मोठी चूक.

या सगळ्या अनुभवातून एजीसी बसवण्याची जी रीत रुळली ती स्टुडिओपासून सुरू होते. प्रोसेसर बाजूला ठेवून आधी मिक्सरपासून प्रक्षेपकापर्यंतचा मार्ग एक किलोहर्ट्झच्या अखंड स्वराने जुळवतात. प्रत्येक टप्प्यावर मीटरने तीच पातळी दाखवली पाहिजे. मग निवेदकांना फेडरची शिस्त लावतात, कारण यंत्र वीस-पंचवीस डेसिबलपर्यंत सावरू शकत असले तरी सदान्‌कदा टोकाला राबवलेले यंत्र चांगले ऐकू येत नाही. त्यानंतर नेहमीचा कार्यक्रम चालू ठेवून यंत्रात जाणारी पातळी अशी ठेवतात, की एजीसीचा काटा सर्वसाधारणपणे दहा डेसिबल घट दाखवील. मग हलका कार्यक्रम आला तर वर जायला दहा डेसिबल शिल्लक राहतात आणि जोरकस आला तर खाली यायलाही जागा असते. काटा सारखा शून्यावर टेकत असेल तर यंत्राला आवाज कमी मिळतो आहे; तळाला चिकटत असेल तर मिक्सरवर कोणीतरी लाल पट्ट्यात खेळतो आहे.

पुढची पायरी वेगाची. जोरकस आवाजावर वर्धन उतरवण्याचा वेग बराच, पण तबल्याच्या प्रत्येक थापेला उत्तर देणार नाही इतका. चढवण्याचा वेग सेकंदाला डेसिबल-दोन डेसिबल किंवा त्याहूनही संथ. निव्वळ चित्रपटगीतांच्या वाहिनीला थोडा जलद वेग चालतो, भाषणे आणि शास्त्रीय संगीत मिसळलेल्या वाहिनीला नाही. गेट स्टुडिओच्या रिकाम्या आवाजाच्या, म्हणजे वातानुकूलन आणि पंख्याच्या, स्पष्टपणे वर ठेवतात आणि मग खऱ्या आलापावर, खऱ्या बातमीपत्रावर तपासतात. तळाची आणि वरची पट्टी एकमेकांशी किती बांधायची हे नंतर. फार सैल ठेवली तर प्रत्येक गाण्याचा पोत एकसारखा होऊ लागतो, जुन्या भावगीतातही आजच्या गाण्याचा धमाका येतो आणि संगीतकाराने ठेवलेला तोल मोडतो. फार घट्ट ठेवली तर ढोलकी पुन्हा गायिकेला हलवू लागते. शेवटी मर्यादक आणि छाटण. मॉड्युलेशन मीटरवर ७५ किलोहर्ट्झची हद्द आणि १९ किलोहर्ट्झच्या पायलट स्वराचा आठ-दहा टक्के वाटा पाहून ते कायम करतात. त्यानंतर बदल न करता काही दिवस ऐकायचे, आणि तेही स्टुडिओतल्या उंची स्पीकरवर न थांबता स्वस्त संचावर, गाडीत, लोकलमध्ये. मीटरवर निर्दोष दिसणारी मांडणी रात्रीच्या शांत घरात तंबोरा फुगवताना आढळते ती या ऐकण्यातच.

मोठ्या आवाजाची तक्रार पुढे टीव्हीवर अधिक झाली. केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधल्या जाहिरातसंहितेने जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा असू नये असे सांगितले. पण मोठा म्हणजे किती हे ठरवणारे माप तेव्हा नव्हते. शिखराने किंवा व्हीयूने ते सांगता येत नाही, कारण दाबलेली जाहिरात त्याच शिखरावर दुप्पट मोठी वाटते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये बीएस.१७७० ही शिफारस काढून कानाच्या जवळ जाणारे श्राव्यतेचे माप दिले. युरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये आर १२८ या शिफारशीत त्यावर उणे २३ एलयूएफएस हे लक्ष्य ठरवले. हे माप हाती आल्यावर एजीसीचे बरेच काम आधीच करून ठेवता येते: संगणकात साठवताना प्रत्येक गाणे आणि प्रत्येक जाहिरात मोजून एका पातळीवर आणायची. मग यंत्राला उरते ते थेट निवेदन, फोनवरचे श्रोते आणि जानेवारी २०१९ पासून खासगी एफएमवर परवानगी मिळालेली आकाशवाणीची बातमीपत्रे. मालाडच्या मध्यमलहरींवरचे डीआरएम या डिजिटल पद्धतीचे प्रक्षेपण आणि न्यूज ऑन एअर हे मोबाइल ॲप यांत ना ५० मायक्रोसेकंदांचा चढ असतो ना ७५ किलोहर्ट्झची हद्द. तेथे छाटणाची गरज संपते आणि प्रोसेसरमधली संथ एजीसी आणि टोके रोखणारा मर्यादक मात्र आवश्यक राहतात. म्हणून एकाच कार्यक्रमासाठी आता केंद्रांत दोन मांडण्या ठेवतात: एफएमसाठी घट्ट आणि डिजिटल वाटेसाठी सैल.